नगर चौक : कुणीही न आखलेला चौक

मुंबईच्या सीएसएमटी स्थानकासमोरच्या चौकाला कागदोपत्री नाव आहे नगर चौक. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा. "म्हणजे व्हीटी ना?" असा उलटा प्रश्न येईल. स्थानकाचं नाव 1996 साली बदललं, 2017 साली त्यात 'महाराज' आलं, पण जुन्या माणसांच्या तोंडी व्हीटी, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस, आहे आणि त्याहून जुन्यांच्या तोंडी बोरीबंदर. तिन्ही नावं स्थानकाची. चौकाला स्वतःचं असं नाव लोकांनी दिलंच नाही, आणि त्याला कारण आहे. हा चौक कुणी चौक म्हणून आखलेलाच नाही. एक भिंत पाडली, तिच्या जागी रस्ता आला, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आणि मध्ये जी जागा उरली तिला आपण चौक म्हणतो. इथलं सौंदर्य आणि इथले बरेचसे त्रास, दोन्ही या उरलेपणातून आलेले आहेत.

भिंत म्हणजे फोर्टचा तट. आज 'फोर्ट' म्हणजे बँका आणि वकिलांच्या कचेऱ्या, पण कोट खराखुरा होता. त्याला तीन वेशी होत्या: अपोलो गेट, चर्चगेट आणि उत्तर टोकाला बाजारगेट. तटाबाहेर इमारती बांधू द्यायच्या नाहीत असा दंडक होता, कारण तोफांच्या माऱ्याला मोकळं मैदान लागतं. त्या मैदानाचा उरलेला तुकडा म्हणजे आझाद मैदान. 1862 साली गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडला गेला आणि पश्चिमेकडच्या तटाच्या रेषेत हॉर्नबी रोड रुंद झाला. तोच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, बोलीत डी. एन. रोड. तटाच्या रेषेतला हा रस्ता आणि मैदानाच्या कडेने तिरका येणारा महापालिका मार्ग यांचा कोन काटकोन नाही. चौकात उभं राहिलं की कुठलीच इमारत नीट समोर नाही असं वाटत राहतं, ते यामुळे. तटाचा एक छोटा अवशेष अजून बघायला मिळतो, स्थानकाच्या पूर्वेला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात.

स्थानकाच्या जागेचाही इतिहास लांब आहे. मुंबादेवीचं मूळ देऊळ याच परिसरात, फाशी तलावाजवळ होतं असं जुनी गॅझेटियर सांगतात. अठराव्या शतकात देवी इथून हलली आणि पुढे भुलेश्वरच्या बाजूला स्थिरावली. पूर्वेला खाडीलगत बोरीबंदर होतं. तिथल्याच साध्यासुध्या स्थानकातून 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी 14 डबे आणि सुमारे 400 पाहुणे घेऊन ठाण्याची गाडी सुटली. ती तारीख शाळेतच पाठ झालेली असते, पण आज दिसते ती इमारत तेव्हा नव्हती. तिचं काम सुरू व्हायलाच अजून 25 वर्षं होती.

इमारत वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. जन्म 1847, गाव इंग्लंडमधलं बाथ, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरून 1867 साली हिंदुस्थानात. काम मिळाल्यावर तो युरोपातली मोठी स्थानकं बघायला गेला आणि लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्थानकाची छाप व्हीटीवर स्पष्ट दिसते. काम 1878 साली सुरू झालं, 1888 साली पुरं झालं. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला 50 वर्षं झाली म्हणून 1887 साली, बांधकाम संपायच्या आधीच, बारसं उरकलं होतं. इमारतीचा खर्च सुमारे 16 लाख 14 हजार रुपये. सहायक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव होते आणि देखरेख एम. एम. जनार्दन यांची. ही दोन नावं स्टीव्हन्सच्या नावामागे नेहमी झाकली जातात. दगडावरची बरीचशी नक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केली. ती शाळा चौकापासून पाच मिनिटांच्या चालीवर आहे, म्हणजे काम अगदी गल्लीतलंच.

आता घुमट. अष्टकोनी, फासळ्यांचा, संपूर्ण दगडी. व्हेनिसच्या वळणाच्या गॉथिक इमारतीवर असा घुमट त्याआधी चढवलेला नव्हता. त्याच्या फासळ्यांचे दगड खाचेत खाच अडकवून रचले आणि खालून लाकडी सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, न लावता तो वर नेला, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. वर हातात मशाल घेतलेली आणि बाजूला आऱ्यांचं चाक असलेली स्त्री आहे, ती 'प्रगती'. घुमटाखाली काय असेल? तिकिटांचा भव्य दिवाणखाना असेल असं कुणालाही वाटेल. तिथे जिना आहे. कचेरीतल्या साहेबांनी आणि कारकुनांनी चढायचा जिना. प्रवाशाचा आणि त्या घुमटाचा काही संबंध नाही. रेल्वे कंपनीने आपलं मुख्यालय सजवलं आणि त्याला स्थानक जोडलं, असा हा प्रकार आहे, आणि आजही इमारत मध्य रेल्वेचं मुख्यालयच आहे. जिना मात्र बघण्यासारखा. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं अधांतरी. प्रत्येक पायरी भिंतीत घट्ट धरलेली असते आणि खालच्या पायरीवर किंचित टेकते, त्यामुळे भार साखळीसारखा खाली उतरत जातो. अशा जिन्याचा शत्रू म्हणजे ड्रिल मशिन. वायरिंगसाठी पायरीच्या मुळाशी भोकं पाडली की भिंतीची पकड सैल होते, आणि एक पायरी हलली की वरच्या सगळ्या हलतात.

प्रवाशांच्या वाट्याला आलेली खोली उत्तर बाजूच्या पाख्यात आहे, स्टार चेंबर. उपनगरी तिकिटांच्या खिडक्या अजूनही तिथेच आहेत. छताला निळ्यावर सोनेरी तारे, खाली इटालियन संगमरवर आणि घोटून चकचकीत केलेला आपला निळा दगड यांचे खांब. रांगेत उभं राहिल्यावर मान वर करणारे फार थोडे, कारण लक्ष पुढच्या माणसाच्या सुट्ट्या पैशांवर असतं. तिथून पुढे गेलं की उपनगरी फलाट: 1 आणि 2 हार्बरचे, 3 ते 7 मेन लाइनचे. लांब पल्ल्याच्या गाड्या 8 ते 18 वर लागतात. त्यांच्यासाठी टॅक्सी करून येणाऱ्याने चौकात उतरूच नये, पूर्वेच्या पी. डिमेलो मार्गाने यावं. सामान घेऊन चौक ओलांडण्याचा खटाटोप वाचतो. वाढत्या गाड्यांसाठी तिकडचा भाग 1929 साली वाढवला. हार्बरवर कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली ती इथूनच, 3 फेब्रुवारी 1925 रोजी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गोळीबार झाला तो लांब पल्ल्याच्या बाजूच्या हॉलमध्ये.

बाहेर येऊन दर्शनी बाजू नीट वाचायची तर फाटकापासून सुरुवात करावी. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा, आणि दोघे एकाच उंचीवर बसवलेत, हे तेवढंच सौजन्य. वर मधल्या भागात सुमारे 10 फूट व्यासाचं घड्याळ आणि त्याच्या खाली एक रिकामा कोनाडा. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. आता नुसती छत्री राहिली आहे आणि ती कबुतरांना सोयीची झाली आहे. भिंतीवर गोल चौकटींत चेहरे आहेत: कंपनीचे संचालक आहेत आणि निरनिराळ्या पगड्या-पागोट्यांतले लोकही. सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट हे दोघेही तिथे आहेत. साहेबांच्या मांदियाळीत नानांचं पागोटं शोधायचं असेल तर छोटी दुर्बीण न्यावी, फोनचा झूम पुरत नाही.

रस्त्यापलीकडे महापालिका मुख्यालय. हेही स्टीव्हन्सचं. पायाभरणी 9 डिसेंबर 1884 रोजी लॉर्ड रिपनच्या हस्ते, प्रत्यक्ष काम 1889 साली सुरू, 1893 साली पूर्ण. मंजूर रक्कम 11,88,082 रुपये आणि खर्च 11,19,969 रुपये, म्हणजे 68,113 रुपये वाचले. महापालिकेचं बांधकाम मंजूर रकमेच्या आत बसलं हे आज सांगितलं तर लोक हसतील. रस्त्यांच्या त्या तिरक्या कोनामुळे इथे पाचरीसारखा भूखंड मिळाला होता. दुसऱ्या एखाद्याने पुढची बाजू एका रस्त्याला आणि पाठ दुसऱ्याला दिली असती. स्टीव्हन्सने दोन पाखे दोन रस्त्यांच्या कडेने मागे नेले आणि जिथे ते मिळतात तिथे, कोनाच्या टोकाला, मनोरा आणि घुमट बसवला. त्यामुळे इमारतीचं तोंड सरळ स्थानकाकडे झालं. दहा वर्षांच्या अंतराने आपल्याच इमारतीला आपणच उत्तर द्यायची संधी किती वास्तुरचनाकारांना मिळते? स्थानक आडवं पसरलेलं, महापालिका उभी उठलेली. स्थानकाचा घुमट युरोपीय, महापालिकेचे घुमट विजापूर-आग्र्याकडे झुकलेले. स्टीव्हन्सला सूर बदलावासा वाटला हे दगडात दिसतं. माझ्या मते दोनांपैकी महापालिकेची इमारत सरस आहे, कारण वाकड्या जागेचा प्रश्न तिने सोडवला आहे. स्थानकाला तसा प्रश्नच नव्हता. समोर मुंबई महापालिकेचे शिल्पकार मानले जाणारे फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे, आणि तिथला माणूस तोच असायला हवा होता. स्टीव्हन्स 1900 साली मलेरियाने मुंबईतच वारला, शिवडीच्या दफनभूमीत आहे.

चौकाच्या दक्षिण-पूर्वेला थोडं आत जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, आहे, 1913 साली पुरं झालेलं, वास्तुरचनाकार जॉन बेगचं. काळा बेसॉल्ट, त्याला कुर्ल्याच्या पिवळ्या दगडाची आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड, आणि वर विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट, 65 फूट व्यासाचा. इथे घुमटाखाली खरोखर जनता येते. समोरच्या बाजूला कॅपिटॉल सिनेमा, आधीचं गेइटी नाट्यगृह, आणि उत्तरेला अंजुमन-ए-इस्लामची शाळा. ट्रामचे रूळ याच चौकातून जात. 1874 साली घोड्यांची ट्राम बोरीबंदर ते पायधुणी धावू लागली आणि 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.

दगडाकडे वळू, कारण इमारतीचं आयुष्य तिथे ठरतं. भिंतींचा दगड टणक आहे, पण बारीक नक्षी पोरबंदरच्या चुनखडी दगडात आहे. तो कोरायला मऊ म्हणूनच निवडला आणि त्याच मऊपणामुळे झिजतो. तो सच्छिद्र आहे, पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर ते सोडतो. अडचण तेव्हा येते जेव्हा त्याला पाणी सोडू दिलं जात नाही. मूळ सांधे चुन्याचे होते. मधल्या काळात अशा कितीतरी इमारतींत सांधे उखडले की सिमेंट भरलं गेलं. सिमेंटमधून वाफ जात नाही, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि येताना क्षार घेऊन येते. क्षार पृष्ठभागाखाली साठतात, फुगतात आणि नक्षीचा पापुद्रा सुटतो. सिमेंटचा सांधा मात्र शाबूत राहतो आणि दोन झिजलेल्या दगडांमध्ये बरगडीसारखा वर येतो. चौकातल्या कुठल्याही जुन्या इमारतीपाशी असा वर आलेला करडा सांधा दिसला की समजावं, दुरुस्तीनेच नुकसान केलंय.

बरोबर पद्धत वेळखाऊ आहे. सिमेंट छिन्नी-हातोडीने हाताने काढायचं, ग्राइंडर लावायचा नाही, कारण चकती हमखास दगडाच्या कडेत घुसते. सांधा 20 ते 25 मिलिमीटर आत मोकळा करायचा, धूळ काढायची, पाणी मारायचं. चुना विझवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू, आणि दमट हवेत चुना लवकर धरावा म्हणून थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. एका वेळी 10-12 मिलिमीटरपेक्षा जाड थर भरायचा नाही, नाहीतर तो आकसून चिरतो. मग ओलं गोणपाट टांगून दहा ते चौदा दिवस भिजत ठेवायचं. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच. एप्रिलच्या उन्हात चुना धरायच्या आधी वाळतो आणि बोटाने खरवडला तरी भुसभुशीत निघतो.

दुसरा शत्रू लोखंड. पुतळे, कळस आणि सज्जाचे दगड आतून लोखंडी खिळ्या-पट्ट्यांनी जोडलेले असतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे दगड आतून फुटतो. बाहेरून आधी तांबूस डाग, मग केसासारखी चीर, मग टवका. डाग असतानाच उघडून स्टेनलेस स्टीलची खिळी बसवली तर दगड वाचतो. तिसरा शत्रू पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, सांध्यात रुजतं. रोप उपटायचं नाही, कारण वरचं तुटतं आणि मूळ आत जाडावत राहतं. बुंधा थोडा ठेवून कापायचा, त्यात भोक पाडून तणनाशक भरायचं, पूर्ण मेल्यावरच दगड सैल करून मूळ काढायचं. आणि धुलाई: चुनखडीवर आम्ल म्हणजे दगड विरघळवणंच. काजळी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने तासन् तास मऊ करून नायलॉनच्या मऊ ब्रशने काढतात. जोराच्या फवाऱ्याने एका दिवसात पांढरी झालेली भिंत दोन पावसांत पुन्हा काळी होते, कारण गुळगुळीत कवच गेलेलं असतं. रोषणाईचे दिवे बसवतानाही हाच नियम: भोक सांध्यात पाडावं, दगडात नाही. सांधा पुन्हा भरता येतो.

इमारतींचं एवढं जपलं जात असताना चालणाऱ्याचं काय? टर्मिनसमध्ये रूळ संपतात, त्यामुळे सकाळी प्रत्येक लोकल आपली अख्खी गर्दी एकाच टोकाला ओतते आणि ती चौकात येते. चौक तर गर्दीसाठी आखलेलाच नाही. भुयारी मार्ग आहे, पण उतरायचं, फोनच्या कव्हरांच्या गाळ्यांमधून वाट काढायची आणि पुन्हा चढायचं, यापेक्षा लोकांना सिग्नलला धावणं सोपं वाटतं. डी. एन. रोडवरच्या कमानींच्या पडव्या 1896 च्या नियमाने पादचाऱ्यांसाठी सक्तीच्या केल्या होत्या. ऊन-पावसात चालायला याहून चांगली सोय मुंबईत दुसरी नाही, पण विक्रेत्यांच्या टेबलांमुळे तिची रुंदी एका माणसापुरती उरते. फलाटाकडून थेट रस्त्यापलीकडे नेणाऱ्या हिमालय पुलाचा भाग 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी ऐन गर्दीत कोसळला आणि माणसं गेली. काही महिने आधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्त्यांसह वापरण्याजोगा ठरला होता. पोलाद आतून गंजलेलं असतं तेव्हा वरची फरशी आणि रंग काहीच सांगत नाहीत, आणि नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी तिथे फसते. नवा पूल मार्च 2023 मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोचं स्थानकही इथे आहे.

चौक बघायचाच असेल तर रविवारी यावं. महापालिकेची दर्शनी बाजू सकाळी उजळते, 8 ते 10 मध्ये. स्थानकाचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि फोटोत नुसती काळी आकृती येते. दुपारी 3 नंतर, शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरात, तिरकं ऊन पडलं की नक्षीची खोली दिसते. उभं राहायला महापालिकेसमोरचा सेल्फी पॉइंट बरा. आतला घुमट आणि जिना बघायचा तर कामाच्या दिवशी दुपारी रेल्वेच्या वारसा दालनाची वेळ विचारून घ्यावी, सुट्टीला ते बंद असतं.

आणि दगडाची तब्येत बघायची असेल तर भर पावसात यावं, आणि पाऊस थांबल्यावर अर्धा तास पडवीत थांबावं. बाकीची भिंत तोवर सुकायला लागते. जो पट्टा ओलाच राहतो त्याच्या वर पाहिलं की तुंबलेली पन्हळ दिसते, आणि बहुधा तिच्यातून डोकावणारं चार पानांचं पिंपळाचं रोप.